रानात सापडलेलं व्हायोलेट दुर्मिळ प्रजातीचं आहे का, हे कसं ठरवायचं?

तुम्ही म्हणताय, एकाच जांभळ्या व्हायोलेटला, म्हणजे व्हायोला वंशातल्या छोट्या फुलझाडाला, रोपं ओळखणारं अ‍ॅप दर वेळी वेगळं नाव देतं आणि त्यातलं एक नाव दुर्मिळ स्थानिक प्रजातीचं आहे. अ‍ॅपचा फार दोष नाही. आपण फोटो काढतो फुलाच्या तोंडाचा, आणि ओळखीच्या खुणा असतात मागे, खाली, पानाच्या देठाशी.

रंगावर तर अजिबात विसंबू नका. उत्तर अमेरिकेत सर्रास दिसणारं व्हायोला सोरोरिया जांभळं असतं, पांढरं असतं, ठिपक्यांचंही असतं; प्रजाती एकच.

दहापट भिंग घेऊन रोपाशी बसा. फुलाचा देठ थेट जमिनीलगत निघतो की पानं असलेल्या खोडावरून, हे आधी पाहा. बऱ्याच शक्यता इथेच गळतात. पानाच्या देठाच्या तळाशी दोन चिमुकली उपपर्णं असतात, त्यांची कड साधी की झालरीसारखी, हे टिपा. मग फूल हळूच वळवून खालच्या पाकळीची मागे गेलेली मधाची नळी बघा. युरोपात व्हायोला रिव्हिनियानाची नळी जाडसर, फिकट आणि टोकाशी खाच असलेली; तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या रायखेनबाखियानाची बारीक आणि गडद.

माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे बाजूच्या पाकळ्यांवरची लव. सोरोरियाची लव दोऱ्यासारखी, तर व्हायोला कुकुलाटाची टोकाशी फुगलेली, जणू इवल्या गदा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटतात. भिंगातून हा फरक पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी त्या रोपापासून बराच वेळ हललो नव्हतो.

फुलं संपली की बहुतेक लोक परत जात नाहीत. तुम्ही मात्र उन्हाळ्यात नक्की जा. बऱ्याच व्हायोलेटना तेव्हा न उमलणारी, कळीसारखीच राहणारी फुलं येतात. आतल्या आत परागण होऊन त्यांची बोंडं धरतात. सोरोरियात या बोंडांचे देठ जमिनीवर लोळतात, कुकुलाटात ताठ उभे असतात. बोंडं बारकी, जवळजवळ रिकामी दिसली तर संकराचा संशय घ्या. शेजारी वाढणाऱ्या दोन प्रजातींचा संकर या गटात नेहमीचा आहे, आणि ‘दुर्मिळ’ म्हणून कळवलेलं रोप कधीकधी तेच निघतं.

वर्गीकरणाचं म्हणाल, तर व्हायोला हे वंशाचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून चालत आलंय आणि आज त्यात सहाशेहून जास्त प्रजाती धरतात. उपगट पाडताना कुक्षीचा, म्हणजे परागकण झेलणाऱ्या स्त्रीकेसराच्या टोकाचा, आकार फार उपयोगी पडतो: कुठे चोचीसारखी वाकलेली, कुठे गोल डोक्याची. आता डीएनएचाही आधार घेतात.

रोप उपटू नका. समोरून, बाजूने, मागून फुलाचे, उपपर्णांचे आणि नंतर बोंडांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा, जमीन ओली की खडकाळ तेही लिहा आणि जवळच्या हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला) दाखवा. नमुना लागलाच तर किती आणि कसा घ्यायचा, ते त्यांनाच ठरवू द्या. नेमकी जागा मात्र जाहीर करू नका, खणून नेणारे असतात.