आधी क्रिकेट, मग आर्मी?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, वय १७. डावखुरा फिरकी गोलंदाज, जिल्ह्याच्या १९ वर्षांखालील संघात खेळतो. मी म्हणतो एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फॉर्म भर. तो म्हणतो, इंग्लंडचा हेडली व्हेरिटी आधी क्रिकेट खेळला आणि मग युद्धात कॅप्टन झाला, मीही तसंच करीन. त्याला काय सांगू? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. डावखुऱ्या फिरकीवाल्यानं व्हेरिटीचं नाव घेतलं, म्हणजे पोरगं आपल्या कलेचा इतिहास वाचतंय. आधी त्याचं कौतुक करा, वाद नंतर घाला.

आता त्याला व्हेरिटीची पूर्ण गोष्ट सांगा. वॉरिकशायर या इंग्लिश काउंटी संघानं त्याला चाचणी घेऊन परत पाठवलं होतं. यॉर्कशायरच्या संघात जागा मिळाली ती १९३० साली, पंचविशीत. तोवर लीग क्रिकेट चालू होतं, आणि त्या काळातच मध्यमगती सोडून तो फिरकीकडे वळला. दोन वर्षांनी हेडिंग्लेत नॉटिंगहॅमशायरविरुद्ध १९.४ षटकं, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी. ब्रॅडमनला कसोटीत आठ वेळा बाद केलं. थोडक्यात, ‘आधी खेळतो’ म्हणताना चिरंजीव ज्या माणसाकडे बोट दाखवतायत, त्याची पंचविशीपर्यंतची वर्षं वाट पाहण्यात गेली.

आणि ‘मग आर्मी’ हे तर त्याहून वेगळं प्रकरण. १९३८ मध्ये युद्धाची चिन्हं दिसू लागल्यावर ग्रीन हॉवर्ड्स पलटणीतल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला त्यानं विचारलं, तयारी कशी करू? त्या अधिकाऱ्यानं लष्करी पुस्तकं दिली. त्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर व्हेरिटी क्रिकेटही खेळत होता आणि ती पुस्तकंही वाचत होता. मला या माणसाचं सगळ्यात आवडतं ते हेच. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये घुसली, त्या दिवशी व्हेरिटीनं इंग्लंडमधल्या होव्हला ९ धावांत ७ बळी घेतले. तो त्याचा शेवटचा काउंटी सामना. जुलै १९४३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर, कॅटानियाच्या मैदानी भागात, पेटलेल्या शेतातून रात्रीच्या हल्ल्यात आपली कंपनी, म्हणजे सैनिकांची तुकडी, पुढे नेताना छातीत गोळी लागली. ३१ जुलैला तो शत्रूच्या ताब्यात असतानाच इटलीतल्या कॅसर्टाला वारला. वय ३८.

युद्ध पेटलं की चौतिशीतल्या माणसालाही कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं. आज तसं नाही. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच खिडकी, परीक्षा वर्षातून दोनदा. तुमच्या मुलाच्या हातात फार तर तीन-चार संधी. मात्र ती खिडकी बंद झाली म्हणजे सगळं संपत नाही, हे तुम्हीही ऐका. पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा आहे, तिथं साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत दार उघडं असतं. म्हणजे कॉलेजची तीन वर्षं क्रिकेटला देऊनही वर्दी मिळू शकते. पण त्यासाठी पदवी हातात हवी, नुसती सरावाची किट नको.

‘आर्मीत गेलं की क्रिकेट संपलं’ असा त्याचा समज असेल, तर तोही काढून टाका. पुण्यात जन्मलेले लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी सैन्यात राहून सर्व्हिसेस या सैन्यदलांच्या संघाकडून रणजी खेळले, २१ कसोटी खेळले, आणि १९५९ मध्ये वयाच्या ३९व्या वर्षी दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचे कर्णधार झाले. अर्थात तरुण अधिकाऱ्याला ड्युटी आधी, नेट नंतर. हेही त्याला आत्ताच कळू दे.

तर माझं म्हणणं असं : एनडीएचा फॉर्म भरा, पण क्रिकेट सोडायची अट घालू नका. लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आहेत, सामान्य क्षमता चाचणीला ६००. बारावीचं गणित तसंही करायचंच आहे. पास झाला तर पुढे एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखती-चाचण्यांचे, पाच दिवस. तिथं मैदानावर दहा जणांना बरोबर घेऊन खेळलेला मुलगा बुजत नाही, असा माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा अनुभव.

एक मात्र मला कळवा. गेल्या मोसमात त्यानं किती षटकं टाकली, कुठल्या फलंदाजाला कसं काढलं, याची वही तो ठेवतो का? ठेवत असेल तर पुढच्या पत्रासोबत तिची दोन पानं पाठवा.