दोन वर्षांच्या मुलाला शौचातून रक्त आणि आव पडतेय. अँटिबायोटिक द्यावं का?

हो, बहुतेक वेळा द्यावं लागतं, पण डॉक्टरांनी तपासूनच. नुसते पाण्यासारखे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. रक्त दिसलं की मात्र शिगेला या जिवाणूचा संशय धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन 3 दिवस आहे. अनेक ठिकाणी हे जिवाणू त्याला दाद देत नाहीत, म्हणून डॉक्टर अझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनही निवडतात. 2 दिवसांत ताप आणि रक्त कमी झालं नाही तर पुन्हा दाखवा, औषध बदलावं लागू शकतं.

आपल्याकडे आव म्हटलं की मेट्रोनिडॅझोल देतात. शिगेलावर त्याचा उपयोग नाही, आणि इतक्या लहान मुलांत अमीबाची आव कमीच. घरात उरलेली बाटली तर कृपया उघडू नका. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळीही नको, ती धोक्याची.

ओआरएस, अंगावरचं दूध, नेहमीचं जेवण चालू ठेवा. सोबत झिंक, रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस.

मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, झटका आला, किंवा थांबून-थांबून कळवळून रडत उलट्या करू लागलं तर थेट रुग्णालय गाठा.