फिरस्तीचे प्रश्न: गाडीने दोन आठवडे, युरोपातले किल्ले आणि जुनी गावं

गेल्या महिन्यात युरोपात स्वतः गाडी चालवत फिरण्याबद्दल भरपूर पत्रं आली, त्यातली चार-पाच एकमेकांशी इतकी जुळणारी होती की या वेळचं सदर त्यांनाच देतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, मेच्या शेवटी आम्ही पाच जण युरोपला जायचं म्हणतोय. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. चौदा रात्री आहेत. पॅरिस, ॲमस्टरडॅम, ऱ्हाइन नदी, स्वित्झर्लंड, व्हेनिस, प्राग आणि मध्ये तो डिस्नेसारखा दिसणारा किल्ला, असं सगळं गाडीने करायचंय. मुलाला किल्ले खूप आवडतात. रूट लावून द्याल का? (नाशिक)

रूट लावून देते, पण तुमच्या यादीतली अर्धी नावं आधी काढून टाकते, राग मानू नका. तुम्ही लिहिलेलं सगळं जोडलं तर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे मुलगा आणि आजी-आजोबा रोज चार-पाच तास गाडीत बसणार आणि संध्याकाळी दमून हॉटेलवर पोचणार, त्यात किल्ला बघायचा कोणी आणि कधी? पॅरिस, ॲमस्टरडॅम, व्हेनिस ही शहरं ट्रेनने करायची, तिथे गाडी म्हणजे नुसतं पार्किंगचं टेन्शन. गाडी घ्यायची ती छोट्या गावांसाठी, जिथे बस दिवसातून दोनदा येते आणि किल्ला जंगलात असतो. म्हणून मी म्हणेन फ्रँकफर्टला उतरा, तिथेच गाडी घ्या आणि तिथेच परत करा, कारण एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की वन-वे चार्ज इतका लावतात की त्यात दोन-तीन हॉटेलच्या रात्री निघतील.

पहिल्या दोन रात्री ऱ्हाइनच्या काठी बाखाराखला. एअरपोर्टपासून तास-सव्वा तास, रात्रभराच्या विमानानंतर त्याहून जास्त चालवूच नका. बिंगेन ते कोब्लेंझ या साधारण पासष्ट किलोमीटरच्या पट्ट्यात चाळीसेक किल्ले आहेत. नदीवरून माल जायचा आणि प्रत्येक सरदाराला त्यावर जकात हवी असायची, म्हणून एवढे किल्ले. काउब गावासमोर तर नदीच्या मधोमध बेटावरच जकातीसाठी बांधलेला पांढरा किल्ला उभा आहे, तो मुलाला नक्की दाखवा. या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाहीये, गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडे, आमच्या ओळखीतल्या सगळ्या मुलांना किल्ल्यांइतकीच ती फेरी आवडलीय. आणि बाखाराखच्या वर जो श्टालेक किल्ला दिसतो तो चक्क यूथ हॉस्टेल आहे, फॅमिली रूम मिळतात, लवकर बुक केलंत तर मुलगा खऱ्या किल्ल्यात झोपेल. फक्त तिथून गावात यायला चढ-उतार आहे, त्यामुळे सासूबाईंसाठी गावातच खोली घेतलेली बरी, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मग दोन रात्री रोटेनबुर्ग. इथे एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगते, हॉटेल तटबंदीच्या आतच घ्या, थोडं महाग पडलं तरी. दिवसभर तिथे टूरच्या बसेस ओतत असतात, चौकात धड उभं राहता येत नाही, पण संध्याकाळी सहा-साडेसहानंतर बसेस निघून जातात आणि गाव राहिलेल्यांचं होतं, मेच्या शेवटी नऊच्या पुढेपर्यंत उजेड असतो म्हणजे तीन तास तुम्हाला शांतपणे फिरायला मिळतात. तटावर लाकडी छप्पर असलेली वाट आहे, तिच्यावरून चाला आणि चालताना आतल्या भिंतीकडे लक्ष द्या. दगडाच्या छोट्या छोट्या पाट्या बसवल्यात, प्रत्येकीवर एक नाव, कधी गाव किंवा देश, आणि किती मीटर ते. ३१ मार्च १९४५ ला इथे बॉम्ब पडले, बरीच घरं आणि तटाचा मोठा भाग गेला, मग जगभरच्या लोकांनी मीटरच्या हिशोबाने पैसे देऊन तो परत उभा केला, त्यांची ती नावं. जपानी नावं किती आहेत ते मुलाला मोजायला सांगा, तो तट संपेपर्यंत कंटाळणार नाही. तटावर चढायला दगडी जिने आहेत, सासूबाईंना खालच्या गल्लीतून बरोबरीने चालता येईल.

रोटेनबुर्गहून खाली फ्युसेनला जाताना मोठा हायवे न पकडता डिंकेल्सब्युल आणि नॉर्डलिंगेनवरून जा. डिंकेल्सब्युलमध्ये कॉफी प्या, नॉर्डलिंगेनमध्ये मात्र तास-दोन तास थांबा. हे अख्खं गाव दीडेक कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यात वसलंय, खड्डा सुमारे २५ किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या लोणारचाच भाऊबंद पण कितीतरी मोठा, त्यामुळे खाली उभं राहून खड्डा कळत नाही, चर्चच्या मनोऱ्यावर चढलं की गोल कडा दिसते. त्या चर्चच्या दगडात उल्केच्या धडकेने तयार झालेले अतिसूक्ष्म हिरे आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत, पण दहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरेसं असतं!

फ्युसेनच्या दोन रात्रींत तुमचा 'डिस्नेसारखा' नॉइश्वानस्टाइन. याचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, ऑनलाइन आधी काढा, वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. आतली टूर जेमतेम अर्ध्या तासाची, फोटो काढू देत नाहीत, जिने भरपूर आणि खालच्या गावातून वर चालत अर्धा-पाऊण तास. बस आणि घोडागाडी आहे, पण दोन्ही अगदी दारापर्यंत सोडत नाहीत, तेव्हा सासूबाईंना खाली तळ्याकाठी बसवून सोबत कोणीतरी थांबा, तिथून हा आणि शेजारचा होहेनश्वानगाउ असे दोन्ही राजवाडे छान दिसतात. खरं सांगू का, हा लढाईचा किल्ला नाहीच, १८६९ मध्ये बांधायला घेतलेला बव्हेरियाचा, म्हणजे जर्मनीच्या या दक्षिण भागाचा, राजा लुडविग दुसरा याचा राजवाडा आहे, तो १८८६ मध्ये वारला तेव्हा काम अर्धवटच होतं आणि काही आठवड्यांत लोकांसाठी तिकीट लावून उघडला. तरी बघाच. २०२५ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या ज्या बैठकीत आपल्या रायगड, राजगड, शिवनेरीसकट बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्याच बैठकीत लुडविगच्या राजवाड्यांनाही म्हटलं, हे मुलाला तिथे उभं राहून सांगा.

पुढे ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग दोन रात्री, तिथल्या किल्ल्यावर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढून चढावर नेणारी छोटी ट्रेन आहे, गुडघ्यांचा प्रश्न मिटला. साल्झबर्गहून चेकमध्ये जाताना बुर्गहाउझेनला थांबा, हजार मीटरहून लांब, जगातला सगळ्यात लांब किल्ला, एकामागून एक चौक ओलांडत जायचं, चढ फारसा नाही आणि चौकांत फिरायला तिकीटही नाही. तुमच्या सासूबाईंना अख्खा किल्ला पायी बघता येईल असा हाच. मग चेस्की क्रुमलोव्ह दोन रात्री, प्राग तीन आणि परतताना न्युरेंबर्ग एक. झाल्या चौदा. सगळं मिळून सतराशे-अठराशे किलोमीटर, एका दिवसात तीन तासांच्या वर क्वचितच.

क्रुमलोव्हमध्ये गाडी गावाबाहेरच्या पार्किंगला लावायची आणि बॅगा ओढत दगडी रस्त्यावरून जायचं, म्हणून दोन रात्रींपुरती एक छोटी बॅग वेगळी भरा. इथेही रोटेनबुर्गसारखंच, प्राग आणि साल्झबर्गहून दिवसभराच्या टूर येतात, त्या गेल्या की नदीकाठी जागाच जागा. किल्ल्यात अठराव्या शतकातलं लाकडी थिएटर आहे, पडदे आणि देखावे हलवणारी मूळ यंत्रं जागेवर आहेत, त्याची टूर मिळाली तर सोडू नका. सोमवारी आतल्या टूर बंद असतात, त्या हिशोबाने वार लावा. प्रागला पोचलात की गाडी हॉटेलच्या किंवा पार्क अँड राइडच्या (गाडी लावून पुढे ट्राम-मेट्रोने जायच्या) पार्किंगला लावून विसरून जा, ट्राम उत्तम आहे, आणि चार्ल्स ब्रिजला सकाळी सहाला जा.

एक राहिलंच, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला बव्हेरियात पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या शाळेच्या सुट्ट्या असतात, खोल्या भरतात, रोटेनबुर्गला तर त्या वीकेंडला जत्रा असते. तारखा त्यांच्याशी ताडून बघा.

प्रश्न : भारतातलं लायसन्स चालतं का? उजव्या बाजूने चालवायची भीती वाटते. (पुणे)

निघण्यापूर्वी इथूनच आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, परिवहनच्या सारथी पोर्टलवरून अर्ज करता येतो, आणि तिकडे मूळ लायसन्स व परमिट दोन्ही जवळ ठेवा, नुसतं परमिट कोणी धरत नाही. गाडी घेताना ज्याच्या नावाने बुकिंग त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी देत नाहीत. चेकमध्ये नेणार हे बुकिंगच्या वेळीच सांगा, काही मोठ्या ब्रँडच्या गाड्या तिकडे न्यायला परवानगी नसते. आणि ऑटोमॅटिकच घ्या. उजव्या हाताने गिअर शोधणं आणि उलट्या बाजूने चालवणं एकाच दिवशी शिकायची काही गरज नाही.

उजव्या बाजूची सवय अर्ध्या दिवसात होते, चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, तेव्हा शेजारी बसलेल्याने दर वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं असं ठरवून टाका. त्याहून महत्त्वाचा नियम म्हणजे छोट्या गल्ल्यांच्या चौकात बोर्ड नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो थांबणार नाही, कारण हक्क त्याचा आहे. ऑटोबानवर काही पट्ट्यांत वेगाची मर्यादा नसली तरी तुम्ही १२० वर उजव्या लेनमध्ये राहा, डावी लेन फक्त ओव्हरटेकला आणि आरशात नीट बघून, मागची गाडी वाटते त्यापेक्षा फार पटकन येते. जर्मनीत कारला टोल नाही, ऑस्ट्रिया आणि चेकमध्ये हायवेसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा टोल पास लागतो, तो हद्द ओलांडायच्या आधी घ्या. छोट्या गावांत निळ्या पार्किंग डिस्कचे बोर्ड दिसतील, ती डिस्क गाडीतच असते, पोचल्याच्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा लावून काचेमागे ठेवायची, दहा वाजून दहाला आलात तर साडेदहा. बरोबर मूल असेल तर जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर सीट लागते.

प्रश्न : मी सह्याद्रीत फिरणारा माणूस. सजवलेले राजवाडे नकोत, खरा लढाऊ किल्ला कुठला बघू? (सातारा)

ऱ्हाइनवर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. तिथल्या डोंगरी किल्ल्यांपैकी हा एकच कधी उद्ध्वस्त झाला नाही, बाकीचे बहुतेक पाडले गेले आणि एकोणिसाव्या शतकात हौसेने परत बांधले. दारातून आत गेलात की कातळात खोदलेला घोडेस्वारांचा ओबडधोबड जिना लागतो, पावसात पाय जपून टाका, वर तोफांचा माळा, नदीवर रोखलेला. आत फक्त गाइडबरोबर जाता येतं आणि इंग्लिश टूर ठरावीक वेळेलाच असते. दुसरा एल्त्स, मोझेल नदीजवळच्या जंगलात, तीन बाजूंनी ओढा, आठशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे. चौदाव्या शतकात ट्रियरच्या आर्चबिशपने याला वेढा घातला आणि समोरच्या डोंगरावर माऱ्यासाठी वेगळा छोटा किल्ला बांधला, त्याचे अवशेष अजून वर झाडीत आहेत, तुम्ही तिथे नक्की चढाल. हिवाळ्यात हा बंद असतो, एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का? (डोंबिवली)

अजिबात नाही. किचन असलेलं अपार्टमेंट घ्या आणि पोह्यांचं, खिचडीचं सामान बरोबर ठेवा. पण तूप, पेढे, खवा, पनीर काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. बाहेर खाताना बव्हेरियात केझश्पेत्झले (चीज घातलेल्या, अंड्याच्या पिठाच्या नूडल्स), चेकमध्ये तळलेलं चीज बटाट्यांबरोबर, दोन्ही पोटभर होतं. भाज्यांचं सूप दिसलं तरी ते मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना हे दर वेळी विचारा. शनिवारी संध्याकाळीच दूध-भाजी भरून ठेवा, रविवारी जर्मनीत दुकानं बंद.

प्रश्न : तीन देश फिरायचे तर व्हिसा कोणाचा? (म्हापसा)

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा एकच, अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्याच्याकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरता त्याच्याकडे. वरच्या रूटमध्ये सात रात्री जर्मनीत म्हणून जर्मनीकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हेच अवघड असतं तेव्हा फेब्रुवारीतच हलायला लागा. किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. हॉटेल्स कॅन्सल करता येतील अशीच घ्या आणि पैसे परत न मिळणारी तिकिटं, नॉइश्वानस्टाइनसकट, पासपोर्टवर शिक्का आल्यावरच काढा.