लहान डबा जड का लागतो?

प्रश्न : किलोभर साखरेची पुडी आणि किलोभर चुरमुऱ्यांची पिशवी उचलली तर साखरच जड लागते. काट्यावर दोन्ही सारखी, मग असं का? मुलांना घरी नीट करून दाखवता येईल का?

उत्तर : येईल, पण पुडी आणि पिशवी नको, दोन्हींची पकडच वेगळी. झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे घ्या, एक पाव लिटरचा, एक दोन लिटरचा. लहानात वाळू भरा. मोठ्यात वाळूची पुरचुंडी मधोमध ठेवून भोवती जुनी फडकी ठासा. बहुतेकांचं इथेच चुकतं : वाळू एका कडेला सरकली की डबा कलतो आणि मनगटाला खरोखरच जड पडतो. झाकणासकट दोन्ही ४०० ग्रॅम भरले पाहिजेत. काटा ग्रॅम दाखवणाराच हवा, कारण उचलून पाहताना साधारण चाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे इथे १० ग्रॅमचा, फरक हाताला कळतो. हे प्रमाण जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी एकोणिसाव्या शतकातच मोजलं होतं.

आता वजन माहीत नसलेल्या कुणाला तरी डबे एकाच तळहातावर आलटून पालटून द्या. लहान जड, असंच उत्तर येईल. मग मोठ्याच्या झाकणाला आतून, मधोमध, वाळूच्या १०-१० ग्रॅमच्या पुड्या चिकटवत जा. दोन्ही सारखे वाटेपर्यंत जेवढी वाळू लागली, तेवढा हा भ्रम.

पुड्या काढा, डबे सारख्या दोऱ्यांनी बांधा आणि डोळे मिटून दोरीने उचलायला सांगा. भ्रम नाहीसा होतो! डोळे मिटूनच तळहातावर घेतले तर परत येतो. नजरेनं असो वा स्पर्शानं, आकार कळला की पुरे.

फ्रान्सच्या शारपाँतिए यांनी १८९१ मध्ये हा भ्रम प्रयोगाने दाखवला. पुढे कारण असं सांगितलं जाऊ लागलं की मोठ्या वस्तूला आपण जास्त जोर लावतो, ती अपेक्षेपेक्षा झटकन वर येते, म्हणून हलकी वाटते. आमच्या मते एवढं पुरत नाही. फ्लॅनगन आणि बेल्ट्झनर यांनी २००० साली बोटांचा जोरच मोजला. काही खेपांतच दोन्ही वस्तूंना सारखा, योग्य जोर लागू लागला. जड-हलक्याचा भास मात्र तसाच राहिला.

प्रश्न : वजन सारखं आहे हे आधीच सांगितलं तर?

उत्तर : तरीही लहानच जड लागतो. मुलांनी डबे स्वतः काट्यावर ठेवून लगेच उचलून पाहावेत.