ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश रायफलमधून ३ गोळ्या झाडून रिलोड केलं की गेममधला सैनिक एकेक गोळी का भरतो? ५ झाडल्यावर तर झटक्यात भरतो. हा बग आहे का?

बग नाही, रायफलच तशी आहे. ली-एनफील्डच्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) १० काडतुसं मावतात आणि ती वरून, ५-५ च्या क्लिपने (काडतुसं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीने) भरतात. ३ च जागा रिकाम्या असतील तर अख्खी क्लिप आत जाणार कशी? मॅगझिन निघतं खरं, पण सैनिक जादा मॅगझिन घेऊन फिरत नसत. कार९८के या जर्मन रायफलमध्ये तर एकूण ५ च काडतुसं, त्यामुळे एक गोळी झाडून रिलोड दाबणं म्हणजे वेळ वाया. दुर्बीण बसवलेल्या स्नायपर रायफलीत बहुधा कायमच एकेक भरावी लागते, कारण दुर्बीण नेमकी क्लिपच्या वाटेत येते.

मात्र गेम इथे थोडी सूट घेतात. खरा सैनिक क्लिपमधली ३ काडतुसं आत दाबून उरलेली २ काढून घेऊ शकायचा. शिवाय चेंबरमध्ये (गोळी झाडण्याआधी काडतूस बसतं त्या जागेत) जिवंत काडतूस असताना बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) मागे ओढला तर ते बाहेर उडतं; बरेच गेम हे उडालेलं काडतूस गुपचूप परत मोजून टाकतात. खेळताना ५ झाडून मगच रिलोड करा.