अंतराळवीरांना वजनरहित अवस्थेची सवय कशी लावतात? त्यासाठी पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण नसलेली खोली असते का?

अशी खोली जगात कुठेही नाही, कारण गुरुत्वाकर्षण अडवता येत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात वारंवार येतो, म्हणून आधी त्यामागचा समज तपासू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. परंतु स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती एकत्रच पडत राहतात, त्यामुळे वजन जाणवत नाही. हीच अवस्था विमानातही निर्माण करता येते. विमान अन्वस्ताकार, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारख्या मार्गाने वर नेऊन खाली आणले की आतील माणसे वीस-पंचवीस सेकंद खरोखर तरंगतात. मात्र एवढ्या वेळात कोणतीही दुरुस्ती शिकता येत नाही.

म्हणून दीर्घ सरावासाठी पाण्याचा आधार घेतात. ह्यूस्टनमध्ये नासाचा एक तलाव आहे, सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल, आणि त्याच्या तळाशी अवकाश स्थानकाच्या भागांच्या पूर्णाकृती प्रतिकृती ठेवलेल्या आहेत. अंतराळवीराला हवा भरलेल्या स्पेससूटसह पाण्यात उतरवले जाते आणि सोबतचे पाणबुडे त्याला वजने व फोमचे तुकडे लावून अशा स्थितीत आणतात, की तो बुडतही नाही आणि वरही येत नाही. त्यानंतर सलग सहा तासांपर्यंत सराव चालतो. फुगलेल्या हातमोज्यात मूठ वळवायची म्हणजे प्रत्येक वेळी आतील दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो, त्यामुळे बोटे आणि मनगटे थकून जातात. स्थानकाबाहेरच्या एका तासाच्या कामासाठी पाण्याखाली साधारण सात तास घालवण्याचा प्रघात आहे.

तरीही हे खरे वजनरहितपण नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. प्लावक बलाने, म्हणजे पाण्याच्या वर ढकलणाऱ्या बलाने, तोलला जातो तो सूट. आतला माणूस उलटा झाला तर रक्त डोक्याकडेच धावते. शिवाय पाणी हालचालीला विरोध करते, तर अवकाशात एकदा ढकललेली वस्तू थांबवण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागतो. या उणिवा प्रशिक्षकांना ठाऊक असतात आणि त्या मान्य करूनच सराव आखला जातो.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर याच्या पुढे आहे. वजनरहित अवस्थेशी शरीर वर गेल्यावर काही दिवसांत बरेचसे जुळवून घेते; प्रशिक्षणाचा मोठा भाग खर्च होतो तो बिघाडांवर. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक आग, हवेची गळती, संगणक बंद पडणे असे प्रसंग मुद्दाम घडवतात, तेही एकावर एक, आणि चमूने ठरलेल्या क्रमाने, आपसांत बोलत ते हाताळायचे असतात. १६ जुलै २०१३ रोजी स्पेसवॉक करताना इटलीचे लुका पारमितानो यांच्या शिरस्त्राणात थंडाव्याच्या यंत्रणेतील पाणी शिरू लागले, नाक आणि डोळे त्याखाली आले आणि दिसेनासे झाले, तेव्हा ते सुरक्षा-दोराच्या आधाराने चाचपडत एअरलॉकपर्यंत, म्हणजे स्थानकात शिरण्याच्या हवाबंद कक्षापर्यंत, परतले. वाट डोळ्यांनी शोधावी लागू नये इतका सराव झालेला असेल, तरच हे शक्य होते.

दुसरे उदाहरण ११ ऑक्टोबर २०१८ चे आहे. ॲलेक्सी ओव्हचिनिन आणि निक हेग यांचे सोयूझ हे रशियन यान उड्डाणानंतर सुमारे दोन मिनिटांतच बिघाडामुळे रॉकेटपासून वेगळे झाले आणि परतताना दोघांना साधारण सातपट वजनाचा दाब सोसावा लागला. अशा दाबाची तयारी मॉस्कोजवळच्या स्टार सिटीतील सेंट्रिफ्यूजमध्ये करून घेतात. तिथे १८ मीटर लांबीच्या भुजेच्या टोकाशी बसून गरगर फिरताना छाती दाबली जात असतानाही श्वास कसा घ्यावा, हे शिकवले जाते. दोघे सुखरूप उतरले आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा गेले. सोयूझमधील संभाषण रशियन भाषेत चालत असल्याने त्या भाषेचा अभ्यासही हेग यांच्या प्रशिक्षणाचाच भाग होता.

यान भलत्याच ठिकाणी उतरण्याचीही तयारी ठेवावी लागते. मार्च १९६५ मध्ये व्होस्खोद-२ या सोव्हिएत यानातील बेल्यायेव आणि लिओनोव्ह यांना नियोजित जागेपासून दूर, बर्फाच्छादित जंगलात दोन रात्री काढाव्या लागल्या होत्या. गगनयानसाठी निवडलेल्या आपल्या हवाई दलाच्या चार वैमानिकांनी फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात स्टार सिटीतील गागारिन प्रशिक्षण केंद्रात घेतलेल्या प्रशिक्षणात हिवाळी जंगलात आणि पाण्यात तग धरून राहण्याचा सरावही होता.

त्या चौघांपैकी शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्सियम-४ मोहिमेतून अवकाशात गेले, हे आपल्याला माहीत असेलच. त्यांचे राखीव अंतराळवीर होते प्रशांत नायर. राखीव अंतराळवीराला मुख्य अंतराळवीराबरोबरच सारी तयारी करावी लागते, कारण ऐनवेळी त्याला यानात बसावे लागू शकते. १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्याबरोबर स्टार सिटीत अशीच तयारी केलेले रवीश मल्होत्रा यांना अवकाशात जाण्याची संधी कधीच मिळाली नाही. या विषयावर बोलताना मी त्यांचे नाव नेहमी घेतो.