साडेसहा बँड आणि हातातले चार महिने

तुझा प्रश्न नीट वाचला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कोल्हापुरातच बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, पुढच्या सप्टेंबरला आयर्लंडमध्ये एम.एस्सी.साठी जायचंय, विद्यापीठाला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ बँड, म्हणजे गुण, हवेत आणि तयारीला चार महिने आहेत. राजारामपुरीतला क्लास लावू, पुण्याला जाऊन राहू की घरीच अभ्यास करू, आणि मराठी माध्यमामुळे अडेल का, असं तू विचारलंयस. मी मंगळवार पेठेतला, मराठी शाळेत शिकलेला, आणि आता बरीच वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्कला आहे. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी माध्यमाचं बोलू, कारण तुझ्या प्रश्नात खरी धास्ती तिचीच दिसते. बी.एस्सी.ची पुस्तकं तू इंग्रजीतूनच वाचलीस, प्रॅक्टिकलचं जर्नल इंग्रजीत लिहिलंस. म्हणजे वाचून समजतं आणि ऐकूनही बऱ्यापैकी समजतं. अडतं ते स्वतःचं वाक्य स्वतः तयार करताना, आणि ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांचंही अडतं. आपल्याकडे नोट्स पाठ करून पेपर निघतो. एखाद्या विषयावर आपलं मत काय आणि ते का, हे इंग्रजीत चार परिच्छेदांत मांडायची वेळ कॉलेजात कधी येतच नाही. त्यामुळे चार महिन्यांतला निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्या-बोलण्याला दे. शब्दांच्या याद्या पाठ करणं आणि रोज एक मॉक टेस्ट ठोकणं, यातून अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, बँड मात्र जागचा हलत नाही.

आता बँडचं गणित बघ, कारण इथेच भलेभले अडकतात. चार विभागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. समज, लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६.५. सरासरी ६.३७५ येते आणि निकालावर ६.५ छापून येतं. घरी पेढे वाटले जातात. पण आयर्लंडमधल्या बऱ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अट ‘एकूण ६.५ आणि कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नको’ अशी असते. मग तो ५.५ सगळ्यावर पाणी फिरवतो. म्हणून तू निवडलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचं पान उघडून दोन्ही आकडे वहीत उतरवून ठेव. एकाच विद्यापीठात विभागागणिक अट बदलते, आणि एजंट तुला फक्त पहिला आकडा सांगतो.

त्याच पानावर कुठल्या परीक्षा चालतात तेही लिहिलेलं असतं. तुला आयईएलटीएसची ‘ॲकॅडमिक’ लागेल. ‘जनरल ट्रेनिंग’ मुख्यतः नोकरी आणि कायम वास्तव्यासाठी असते, फॉर्म भरताना चुकीचा पर्याय निवडलास तर परीक्षा फुकट जाईल. पीटीई ही इंग्रजीची दुसरी परीक्षा संपूर्ण संगणकावर होते, १० ते ९० गुण असतात, निकाल लवकर लागतो. ज्यांना माणसासमोर बोलताना घाम फुटतो त्यांना ती बरी वाटते, पण मायक्रोफोनसमोर न अडखळता बोलावं लागतं आणि आजूबाजूला बाकीचे परीक्षार्थीही त्याच वेळी बोलत असतात. टोफेल ही तिसरी परीक्षा द्यायची असेल तर जुनी पुस्तकं घेऊ नकोस, तिचं स्वरूप आणि गुणांकन दोन्ही बदललंय. माझं मत विचारशील तर तू आयईएलटीएसच दे. ती इथे सगळीकडे चालते आणि तिच्यातल्या लेखनाचा पुढे कॉलेजात उपयोग होतो.

लेखनाला तासभर मिळतो आणि दोन उत्तरं लिहायची असतात. पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५०. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, म्हणून पहिल्यावर वीस मिनिटं आणि दुसऱ्यावर चाळीस. तपासताना चार गोष्टींना सारखे गुण देतात: विचारलेल्याला उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण कसं आहे. भारी शब्दांना वेगळे गुण नाहीत. क्लासमध्ये देतात ती तयार वाक्यं, ‘आजच्या धावपळीच्या युगात’ छापाची, परीक्षक दिवसभर वाचत असतात. पाठ केलेलं लेखन त्यांना लगेच ओळखू येतं आणि गुण कापले जातात.

पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया येते. इथे मत द्यायचं नाही, दिसतं ते सांगायचं आणि मुख्य कल एका परिच्छेदात वेगळा मांडायचा. प्रक्रियेच्या सरावाला तुला लांब जायची गरज नाही. हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन बस. ऊस चरकातून जातो, रस काहिलीत येतो, खाली चिपाडांचा जाळ, रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढतात, पाक घट्ट झाला की गार करायला ओततात आणि मग ढेपा बांधतात. हे सगळं कर्मणी प्रयोगात, क्रमाने, १५० शब्दांत इंग्रजीत लिही. काहील आणि भेंडीच्या पाण्याला इंग्रजीत काय म्हणावं याचा शोध घेताना, पाठांतरातून येत नाही ती पकड येते. रसाचं काय केलं जातं, ते का, आणि मग काय होतं, या तीन गोष्टी जोडता आल्या की हा प्रश्न तुझ्या खिशात.

दुसरा प्रश्न मताचा. समज, असा विषय आला: आपत्ती आल्यावर मदत करण्यापेक्षा ती टाळण्यावर सरकारने जास्त खर्च करावा, तुम्ही कितपत सहमत आहात? प्रश्नाखालीच लिहिलेलं असतं की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. आपली मुलं तरीही कुठल्या तरी परदेशी संशोधनाचा खोटा आकडा ठोकून देतात. अगं, तू ऑगस्ट २०१९चा महापूर पाहिलायस. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. ‘पुरामुळे खूप नुकसान झालं, सरकारने लक्ष द्यावं’ असं लिहिलंस तर निबंध तिथेच थांबतो. पण ‘महामार्गच पाण्याखाली गेल्यामुळे बाहेरून येणारी मदतही शहरापर्यंत पोचत नव्हती, म्हणजे मदतीवर भिस्त ठेवायची तरी ती पोचण्याची वाट आधी सुरक्षित करावी लागते’ असं लिहिलंस, तर इंग्रजी साधं असूनही विचार एक पाऊल पुढे जातो. सातचा बँड असल्या वाक्यांतून येतो.

आठवड्याला दोन निबंध घड्याळ लावून लिही आणि जाणकार माणसाकडून तपासून घे. जमेल तितके संगणकावर टाइप कर, कारण आता बहुतेक ठिकाणी परीक्षा संगणकावरच होते आणि अक्षरं शोधत बसलीस तर चाळीस मिनिटं पुरत नाहीत. तपासून आलेला निबंध बाजूला ठेवू नकोस. तोच पुन्हा लिही. तुझ्या चुका मोजून पाच-सहा प्रकारच्याच निघतील. आपल्याकडच्या मुलांचं ‘अ’ आणि ‘द’ गळतं, ‘ही’ आणि ‘शी’च्या क्रियापदाचा ‘एस’ गळतो आणि जिथे तिथे ‘हॅविंग’ येतं. त्या पाच-सहा चुका एका पानावर लिहून ठेव आणि प्रत्येक निबंधानंतर शेवटची तीन मिनिटं फक्त त्याच शोध.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. आधी ओळखीचे प्रश्न, मग एक कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत, शेवटी त्याच विषयावर जरा खोल चर्चा. उच्चार स्पष्ट हवेत, गोऱ्यासारखे नकोत. आपला कोल्हापुरी हेल तसाच राहू दे, त्याचे गुण जात नाहीत. अडचण असते ती आशयाची. ‘पाण्याजवळच्या एखाद्या जागेचं वर्णन करा’ असं कार्ड आलं की मुलगी रंकाळ्यावर सुरू होते: फार सुंदर आहे, फार शांत आहे, लोक खूप येतात, आणि तिसाव्या सेकंदाला गप्प. त्यापेक्षा एक काहीतरी धर. तलावातला संध्यामठ धर. पाणी चढलं की तो किती बुडतो आणि उन्हाळ्यात कसा उघडा पडतो. समोर शालिनी पॅलेस दिसतो. जलपर्णीने तलाव भरला होता तेव्हा फिरायला येणारे काय म्हणत होते, आता काय म्हणतात. संध्याकाळी भेळेच्या गाड्यांवर तू कुणाबरोबर थांबतेस. यात भूतकाळ आला, वर्तमान आला, तुलना आली, आणि व्याकरणाची विविधता परीक्षकाला आपोआप दिसली.

सरावाला जोडीदार लागतो आणि आपल्या गावात खरी अडचण तीच आहे. चारचौघांत इंग्रजी बोललं की ‘आली बघा इंग्रजी झाडायला’ असं कुणीतरी म्हणतंच. मनावर घेऊ नकोस. परीक्षा देणारी दुसरी मुलगी शोध, दोघी रंकाळ्याला चक्कर मारत रोज अर्धा तास बोला. एकटी असशील तेव्हा दोन मिनिटांचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐक. ऐकायला नको वाटतं, पण कुठे रखडतेस ते तिथेच कळतं.

रीडिंगमध्ये तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. उत्तर चुकलं तर गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी ठेवायची नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’मध्ये. समज, उताऱ्यात लिहिलंय की राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. ‘धरण स्वातंत्र्याआधीच पूर्ण झालं’ हे विधान फॉल्स. ‘त्या धरणामुळे कोल्हापुरात उसाचं क्षेत्र वाढलं’ हे मात्र नॉट गिव्हन. तुला ते ठाऊक असेल, आजोबांनी सांगितलं असेल, पण उताऱ्यात नाही म्हणजे नाही. विज्ञानाच्या हुशार मुलांचे गुण इथेच जातात, कारण ती स्वतःच्या ज्ञानावर उत्तर देतात. लिसनिंगचं थोडक्यात सांगतो: रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, स्पेलिंग चुकलं की गुण गेला, ‘दोनच शब्दांत’ म्हटलं असेल तर तिसरा लिहायचा नाही, आणि बोलणारा आधी एक तारीख सांगून मग ती बदलतो, तर शेवटची धरायची. रोज थोडा वेळ आयरिश रेडिओ ऐक. परीक्षेत बरेचदा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन उच्चार असतात, पण इथल्या वर्गात तुला कॉर्कची माणसं भेटणार आहेत आणि ती भरभर बोलतात.

क्लासबद्दल. पुण्याला फक्त यासाठी खोली घेऊन राहू नकोस, तेवढ्या पैशात परीक्षेची फी सहज निघेल. कोल्हापुरातला क्लास लावायचा तर एकच प्रश्न विचार: निबंध कोण तपासतं आणि एका निबंधावर किती लाल शाई येते? तपासलेली एखादी वही दाखवायला सांग. दाखवली नाही तर उठून ये. कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमना विचार, आठवड्याला दोन निबंध बघायला त्या तयार झाल्या तर तुझं निम्मं काम झालं. अभ्यासाला मात्र केंब्रिजने छापलेले जुने पेपरसंचच घे, झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे ‘हमखास प्रश्न’ नकोत. आणि ‘परीक्षा न देता बँड आणून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. विद्यापीठं प्रत्येक निकाल ऑनलाइन पडताळतात. खोटा निघाला तर प्रवेश जातो आणि पुढचा व्हिसाही अवघड होऊन बसतो.

तारीख अशी धर की अर्जाच्या मुदतीआधी दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहील. संगणकावर दिलेल्या परीक्षेत एकच विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. पण तसा निकाल तुझं विद्यापीठ स्वीकारतं का, हे त्यांना मेल करून आधी विचार. निकाल दोन वर्षं धरला जातो. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, तेव्हा नाव आणि स्पेलिंग आजच तपास, दुरुस्तीला वेळ जातो. केंद्र पुण्याचं मिळालं तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नकोस, आदल्या दिवशी जाऊन कुणा नातेवाइकाकडे मुक्काम कर.

इथे आल्यावर पहिल्याच सत्रात तुला वीस-तीस पानांचे शोधनिबंध वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल, चार देशांच्या मुलांबरोबर प्रोजेक्ट करावा लागेल आणि समजलं नाही तर वर्गात हात वर करून विचारावं लागेल. नोट्समधून उतरवलेलं इथे चालत नाही, ती चोरी धरतात. म्हणून सांगतोय की लिहिण्या-बोलण्यावर वेळ घाल. तो वेळ परीक्षेपुरता नाही.

या रविवारी वर दिलेल्या महापुराच्या विषयावर चाळीस मिनिटं लावून निबंध लिही. शब्दकोश नको, मोबाइल नको, कुणाची मदत नको. जसा होईल तसा मला पाठव. मी तपासून परत देतो, आणि त्यावरून पहिल्या महिन्यात काय करायचं ते ठरवू.